किसकू किसकू बोला?

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. शेवटचा अशरा चालू होता. माझा भाचा पुण्याहून सुट्टी टाकून घरी आला होता. इफ्तार झाली, मगरीबची नमाज झाली, बायकांनी दस्तरखान आवरला. तरावीहला अजून तासभर होता म्हणून आम्ही दोघं मामा-भाचे गच्चीवर जाऊन बसलो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामू, मैं अब मानताच नै. दो साल हो गये."

"क्या नै मानता?"

"सबच."

पुण्यात तो रोजे ठेवत नाही, नमाज तर कधीच सुटली होती. घरी आल्यावर अम्मीला वाईट वाटू नये म्हणून ठेवतो. त्या दिवशीही त्याला रोजा होता.

मी त्याला काय विचारलं असेल? मी गेली कितीतरी वर्षं मुस्लिम समाजातल्या सुधारणांवर लिहितो आहे. हमीद दलवाईंवर बोलायला मला लोक बोलावतात. तेव्हा 'का?' असं विचारायला हवं होतं. निदान 'कधीपासून वाटायला लागलं?' एवढं तरी. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: "किसकू किसकू बोला?"

तो हसला. म्हणाला, "सिर्फ तुमकू."

मी सुटकेचा नि:श्वास सोडला, हे त्यानंही पाहिलं.

त्या एका प्रश्नात काय काय होतं ते मी नंतर मोजत बसलो. त्याच्या धाकट्या चुलतबहिणीचं लग्न ठरायचं होतं. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, हजला जायची तयारी करत होती. जमातीतले लोक काय म्हणतील, मशिदीत आमच्याकडे कसं बघतील, आणि अगदी शेवटचं म्हणजे उद्या त्याला काही झालं तर कबरस्तानात जागा मिळेल का. त्याच्या मनात काय चाललंय हे या यादीत कुठेच नव्हतं.

आपल्याकडे असा एक समज आहे की, धर्म सोडणं ही यूट्यूबच्या काळातली टूम आहे. मुलं इंग्रजी शिकली, एकटी राहू लागली, मोबाइल हातात आला आणि बिघडली. समज सोयीचा आहे. यात दोष मोबाइलचा ठरतो आणि आपण मोकळे होतो. पण आपल्याच देशात, शंभर वर्षांपूर्वी, जिला वाचताही येत नव्हतं अशी बाई इस्लाम सोडत होती. तिची गोष्ट आपल्या वाजांमध्ये कधी सांगितली जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हनफी फिकहनुसार नवरा तलाक देत नसेल तर बायकोला निकाहातून सुटणं जवळजवळ अशक्य होतं. नवरा मारतो, पोसत नाही, परागंदा झाला, काहीही असो. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोनं तर तो जगला असता तर नव्वद वर्षांचा झाला असता तोवर थांबावं, असं मत प्रचलित होतं. खुला घ्यायचा तरी नवऱ्याची संमती हवी. मुघल काळात काझी होता. इंग्रजांनी काझीचे अधिकार काढून घेतल्यावर दाद मागायची ती जागाही गेली. कोर्टातला न्यायाधीश हनफी ग्रंथांचं भाषांतर उघडायचा आणि बाईला परत पाठवायचा.

पण त्याच हनफी फिकहमध्ये एक नियम असाही होता की नवरा-बायकोपैकी कुणी इस्लाम सोडला तर निकाह तत्क्षणी तुटतो. हे बायकांच्या लक्षात आलं. विशेषतः पंजाबात, बायका कोर्टात येऊन सांगू लागल्या की मी आता मुसलमान राहिलेले नाही. कुणी ख्रिस्ती झाल्याचं सांगितलं, कुणी आणखी काही. कोर्ट निकाह रद्द ठरवत होतं. यातल्या किती जणींचा ईमान खरोखर गेला होता अल्लाह जाणे. नवरा सोडण्यासाठी त्यांना दीन सोडावा लागत होता, कारण दुसरं दारच नव्हतं. इकबालनं आपल्या व्याख्यानांत पंजाबातल्या या बायकांचा उल्लेख केला आहे आणि फिकहमध्ये बदल न करण्याचे परिणाम म्हणून ते उदाहरण दिलं आहे.

आता यावर उलेमांनी काय केलं? मला या गोष्टीतला हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो. मौलाना अशरफ अली थानवी हे काही सुधारक नव्हते. 'बहिश्ती जेवर' लिहिणारे, देवबंदी परंपरेतले कट्टर हनफी आलिम. त्या बायकांना शिव्या देऊन, मुर्तद ठरवून ते थांबू शकले असते. आधी त्यांनी स्वतःच असा फतवा दिला होता की धर्म सोडल्यानं निकाह तुटतो. पण या बायका का जातायत याकडे त्यांना बघावं लागलं. त्यांनी हिजाजमधल्या मालिकी उलेमांशी पत्रव्यवहार केला, त्यांचे फतवे मागवले आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला 'अल-हीलतुन नाजिजा' नावाचा ग्रंथ काढला. अगतिक बायकोसाठी कामी येणारा उपाय, असा त्या नावाचा रोख. बेपत्ता नवरा, न पोसणारा नवरा, वेडा नवरा अशा बाबतीत हनफी मत बाजूला ठेवून मालिकी मत घ्यावं, असं त्यांनी मांडलं. कट्टर हनफी आलिमानं बाईसाठी आपल्या मजहबची चौकट ओलांडली.

त्यातूनच पुढे 1936 मध्ये काझमींनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडलं आणि 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोसत नसेल, सात वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात असेल, तीन वर्षं संसाराची जबाबदारी टाळत असेल, क्रूरपणे वागवत असेल तर मुसलमान बाई कोर्टातून फारकत घेऊ शकते. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानं जुनं दार बंद केलं: जन्मानं मुसलमान असलेल्या बाईनं इस्लाम सोडला तरी केवळ त्यामुळे निकाह तुटणार नाही. निकाल देणारा न्यायाधीश मुसलमानच असावा हा उलेमांचा आग्रह सरकारनं मानला नाही, त्यामुळे ते या कायद्यावर फारसे खूश नव्हते. ते असो. पण क्रम बघा. बायका जाऊ लागल्या. का जातात असं कुणीतरी विचारलं. उत्तर मिळालं तेव्हा नियम बदलला. हे सगळं आपल्याच इतिहासात आहे, देवबंदच्या इतिहासात आहे, कुणा 'पाश्चात्त्य एजंट'च्या नव्हे.

त्याच नियमाची दुसरी बाजू साठ वर्षांनी कैरोत दिसली. नस्र अबू झैद हे कैरो विद्यापीठातले अरबीचे प्राध्यापक. कुरआनचा अभ्यास भाषेच्या अंगानं आणि इतिहासाच्या संदर्भात करायला हवा, असं म्हणायचे. काही लोकांनी त्यांच्यावर कोर्टात दावा लावला की हा मुर्तद आहे, सबब याचा निकाह तुटला, याला बायकोपासून वेगळं करा. नवरा-बायको दोघंही म्हणत होते की आम्ही मुसलमान आहोत आणि आम्हाला एकत्र राहायचंय. 1995 मध्ये कोर्टानं त्यांना मुर्तद ठरवून निकाह रद्द केला. दोघांनी देश सोडला आणि नेदरलँड्समधल्या लायडनला गेले. पंजाबातली बाई म्हणत होती मी मुसलमान नाही, मला सोडवा. कैरोतला माणूस म्हणत होता मी मुसलमान आहे, मला राहू द्या. शंका मांडणारा आणि धर्म सोडणारा यांत आपल्याला फरक करता येत नाही, असा याचा अर्थ मी घेतो. मग ज्याला फक्त शंका आहे त्यानं आत राहायचं कशासाठी?

दीन काय सांगतो, असं लोक मला विचारतात. मी आलिम नाही, पण जे सर्वांना वाचता येतं ते सांगतो. धर्माच्या बाबतीत सक्ती नाही हे सूरह बकरात आहे. ईमान आणल्यावर कुफ्र करणाऱ्यांचा उल्लेख कुरआनात अनेक ठिकाणी आहे, सूरह निसात तर पुन्हा पुन्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आहे. त्यांना अल्लाहकडे काय मिळेल ते तिथे सांगितलंय, माणसांनी काय शिक्षा द्यावी ते नाही. शिक्षेचा आधार घेतला जातो तो हदीसचा आणि रसूलुल्लाहनंतरच्या काळातल्या लढायांचा. मौलाना मौदूदींनी देहदंडाच्या बाजूनं आख्खं पुस्तक लिहिलं. अल-अजहरचे शेख महमूद शलतूत यांनी केवळ कुफ्रामुळे कुणाचं रक्त हलाल होत नाही अशा बाजूनं मत मांडलं. हुदैबियाच्या तहात तर असं कलम होतं की, मुसलमानांतून जो मक्केला कुरैशांकडे परत जाईल त्याला ते परत पाठवणार नाहीत. रसूलुल्लाहनी ते मान्य केलं. सहाबांना ते पचलं नव्हतं, हेही सीरतमध्ये आहे. म्हणजे वाद आहे, जुना आहे आणि दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत. आपल्या जुम्म्याच्या बयानातून मात्र एकच बाजू ऐकू येते.

महाराष्ट्रात आपण हे हमीद दलवाईंच्या बाबतीत पाहिलं. 18 एप्रिल 1966 ला त्यांनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. 1977 मध्ये, वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे चंदनवाडीत विद्युतदाहिनीत दहन झालं. तेव्हापासून आजपर्यंत मी एकच वाक्य ऐकत आलोय: "वो मुसलमान थाच कहां?" जणू तो मुसलमान नव्हता एवढं सिद्ध केलं की त्या सात बायकांचा प्रश्न मिटला. मला दलवाईंच्या सगळ्या गोष्टी पटत नाहीत. मी नमाज पढतो, आणि माझं दफन व्हावं अशी माझी इच्छा आहे. पण त्या बायकांचं म्हणणं ऐकण्यासाठी दलवाईंच्या ईमानची तपासणी कशाला करायची? तीन तलाकचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2017 मध्ये दिला. मधे एक्कावन्न वर्षं गेली. त्याच वर्षी पर्सनल लॉ बोर्ड कोर्टाला सांगत होतं की, निकाह लावताना नवऱ्या मुलाला एका दमात तलाक देऊ नकोस असं समजावण्याची सूचना आम्ही काझींना देऊ. ही सूचना 1966 मध्ये दिली असती तर काय बिघडलं असतं?

इथे मला दुसऱ्या बाजूचंही बोलायला हवं, कारण हा लेख कुठे कुठे जाईल ते मला ठाऊक आहे. मुसलमान मुलगा धर्म सोडतोय हे ऐकून ज्यांना गुदगुल्या होतात, त्यांच्यासाठी मी लिहीत नाही. टीव्हीवर एखाद्या 'पूर्व मुसलमान' पाहुण्याला बसवून टाळ्या पिटणाऱ्यांना त्याच्या विवेकाशी देणंघेणं नसतं. तोच पाहुणा उद्या त्यांच्या देवावर बोलला तर त्याचा माइक बंद होईल. माझा भाचाही हे ओळखून आहे. तो म्हणतो, पुण्यात खोली शोधताना नाव सांगितलं की खोली 'आत्ताच गेली' असते, तिथे मी अल्लाहला मानतो की नाही हे कुणी विचारत नाही. आतून बाहेर पडलेल्याला बाहेरही जागा नसते, आणि याचा फायदा आमच्यातले लोक घेतात: बघ, ते आपल्या जिवावर उठलेत, आत्ता घरातल्या गोष्टी काढू नकोस. 'आत्ता' मी माझ्या लहानपणापासून ऐकतोय.

आणि जीव जाण्याची गोष्ट फक्त दूरच्या देशांतली नाही. 16 मार्च 2017 च्या रात्री कोइमतूरमध्ये फारूक नावाच्या एकतीस वर्षांच्या माणसाचा खून झाला. द्राविडर विदुतलै कळगम या पेरियारवादी संघटनेचा तो कार्यकर्ता होता, उघडपणे निरीश्वरवादी होता. त्याला मारणारे आपल्यातलेच होते. नंतर त्याच्या वडिलांनी पत्रकारांना सांगितलं की, मुलाला ज्या विचारासाठी मारलं त्याच्या संघटनेत आता मीही जाणार. त्या बापाचा विचार माझ्या मनातून जात नाही. मारणाऱ्यांना वाटलं असेल आपण दीन वाचवला.

बरं, ज्याला शांतपणे बाजूला व्हायचंय त्याला आपल्या देशात रस्ता आहे का? कागदावर आहे. घटनेनं सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलंय. धर्म सोडला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असं तर 1850 च्याच कायद्यानं ठरवलं होतं. पण बाहेर पडून कुठे जायचं, हा प्रश्न उरतो. केरळमध्ये 'एक्स-मुस्लिम्स ऑफ केरला' या संघटनेच्या सरचिटणीस साफिया पी. एम. सर्वोच्च न्यायालयात गेल्या: मी मानत नाही, तर माझ्या मालमत्तेला शरीअतऐवजी 1925 चा भारतीय वारसा कायदा लावा. एप्रिल 2024 मध्ये कोर्टानं हा प्रश्न ऐकायला घेतला. दुसरीकडे केरळमधलेच वकील सी. शुक्कूर यांनी 8 मार्च 2023 ला आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न केलं, या वेळी विशेष विवाह कायद्याखाली. त्यांना तीन मुलीच. शरीअतप्रमाणे मुलींना मिळून दोन तृतीयांश आणि बाकीचं भावांकडे जाणार. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं की वारसा कायदा बदलतो. शुक्कूर यांनी काही इस्लाम सोडलेला नाही. तरी त्यांच्याविरुद्ध निवेदनं निघाली. पंजाबातल्या बायका आठवतात मला. मुलींना घर मिळावं म्हणून माणसाला स्वतःच्या बायकोशी दुसऱ्यांदा लग्न करावं लागतं, आणि आपण चर्चा करतो त्याच्या ईमानची.

भाच्याला 'का' हे मी शेवटी विचारलं. त्या गच्चीवरच्या रात्रीनंतर सुमारे अडीच महिन्यांनी, बकरी ईदला तो आला तेव्हा. मला वाटलं होतं तो डार्विन सांगेल, नाहीतर कुठला यूट्यूबवाला. तो म्हणाला, "आपाका मसला."

त्याची थोरली बहीण. लग्न होऊन गेली, वर्षभरात नवरा आखातात गेला आणि दोन वर्षांहून जास्त काळ एक पैसा पाठवला नाही. फोन उचलायचा नाही. तलाकही देईना. जमातीपुढे तीन बैठका झाल्या. दर वेळी तिला सब्र करायला सांगितलं. तिसऱ्या बैठकीत सासरच्यांनी अट घातली: खुला हवा तर मेहर सोडा आणि लग्नात घातलेलं सोनं परत करा. माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो उठून म्हणाला, यांनी पोसलं नाही, मग दंड आमच्यावर का? तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "पैले दाढी रख बेटा, फिर सवाल पूछ." सगळे हसले.

हे तो मला सांगत होता, पण मला सांगायची गरज नव्हती. मी त्या बैठकीत होतो. 1939 चा कायदा मला माहीत होता, दोन वर्षं न पोसणं हे त्यातलं स्वतंत्र कारण आहे हेही माहीत होतं. त्यावर मी आधी एक लेख लिहून बसलो होतो. मी बोललो नाही. समेट होत आलाय, आता कोर्टाचं नाव काढलं तर बिघडेल, असं मला वाटलं. भाचा उभा राहिला तेव्हा मी त्याच्या शर्टाची बाही ओढून त्याला खाली बसवलं.

"तुमनेच बिठाया मेरेकू," तो म्हणाला. रागानं नाही. मी म्हटलं, "हां. याद है."

तिनं सोनं परत केलं आणि सुटली. आता ती एका बालवाडीत शिकवते, पाचही वेळची नमाज पढते आणि भावाबद्दल तिला संशय आहे असं मला वाटतं, पण विचारत नाही. माझ्या बहिणीला अजून काही माहीत नाही. ती हजला जाऊन आली, तिथून मुलासाठी टोपी आणि जमजमची बाटली घेऊन आली. यंदा ईदला तो आमच्याबरोबर ईदगाहला आला, मागच्या सफमध्ये उभा राहिला, आणि परतताना मला म्हणाला की मंडपवाल्यानं या वर्षी चटया बऱ्या टाकल्या होत्या.

मी 1939 च्या कायद्याची कारणं मराठीत एका पानावर उतरवून जमातीच्या अध्यक्षांना दिली आहेत, मशिदीच्या फलकावर लावा म्हणून. त्यांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, मोहरम होऊ दे, मग बघू. मोहरम होऊन तीन आठवडे झाले. येत्या जुम्म्याला पुन्हा विचारणार आहे.